अंडर-१४ ची टीम निवडताना वय नक्की कुठलं धरायचं?

मैदानातला_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोच. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पीटीचा मास्तर आहे, कबड्डी आणि खो-खो दोन्ही बघतो. दरवर्षी जुलैत अंडर-१४ ची निवड आली की माझं डोकं उठतं. यंदा आठवीतली दोन पोरं आहेत, दोघांचे जन्मदाखले मी स्वतः बघितलेत, जन्मात जेमतेम दोन महिन्यांचा फरक. एकाला मिसरूड फुटलंय, आवाज घोगरा झालाय, भिंतीला लावून मोजला तर १६७ सेंमी. दुसरा १४० पण भरत नाही, पाचवीच्या रांगेत उभा केला तर कुणाला कळायचं नाही. पहिल्यानं नुसता हात धरला तरी दुसरा जागचा हलत नाही, आणि खरं सांगायचं तर चपळाई आणि डोकं दुसऱ्याकडे जास्त आहे.

बीपीएडला (पीटीच्या पदवीला) आम्हाला तक्ता होता, शैशव इतक्या वर्षांपर्यंत, मग बाल्य, मग किशोर, मग प्रौढ, वृद्ध, पाठ करून पेपरात लिहिलं आणि मार्क पण पडले. पण मैदानावर तो तक्ता कुठंच लागू होत नाही. ह्या वाढीच्या टप्प्यांमागं काही शास्त्र आहे का, का नुसतं आखून दिलंय? कुणी जाणकार असतील तर जरा सविस्तर सांगा.

---

चहाबाज

मास्तर, १६७ वाल्याचा दाखला अजून एकदा बघा, प्रिंटरची शाई ओली असेल. (कृपया हलके घ्या)

---

वाढता_आलेख

चहाबाज, हसण्यावारी नेलंत पण बऱ्याच ठिकाणी असा मुलगा खरोखर चोर ठरतो, त्यावर खाली येतोच.

मास्तर, तुमचा प्रश्न एकदम मोक्याचा आहे. मी मुलांचा डॉक्टर, त्यातही वाढीचे आजार बघतो, त्यामुळे जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

तक्ता चुकीचा नाही, पण तो सरासरीचा आहे आणि सरासरी मुलगा कुणाच्याच वर्गात नसतो. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास, मग वेग उतरत उतरत वर्षाला ५-६ सेंमीवर येतो आणि बरीच वर्षं तिथंच रेंगाळतो, इथपर्यंत सगळी मुलं बऱ्यापैकी बरोबरीनं चालतात. घोळ होतो तो वयात येताना. मुलींचा उंचीचा झपाटा सरासरी १२ च्या आसपास शिखरावर असतो, मुलांचा १४ च्या आसपास, तेव्हा वर्षाला ८ ते १० सेंमी सुद्धा वाढ होते. पण हे शिखर कुणाचं दोन वर्षं आधी येतं, कुणाचं दोन वर्षं उशिरा, आणि दोन्ही नॉर्मल! म्हणजे तुमच्या १३ वर्षांच्या पोरांत एकाचं शरीर ११ चं आणि एकाचं १५ चं असू शकतं, कुणीही लबाडी न करता.

हे नीट मांडलं जेम्स टॅनर ह्या ब्रिटिश डॉक्टरनं. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः हर्डल्सचा चांगला धावपटू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हार्पेंडन गावातल्या अनाथाश्रमातली मुलं त्यानं वर्षानुवर्षं ठराविक अंतरानं मोजली, फोटो काढले, आणि मार्शल ह्या सहकाऱ्याबरोबर १९६९ ला मुलींचे आणि १९७० ला मुलांचे वयात येण्याचे पाच टप्पे छापले. आजही जगभर डॉक्टर तेच वापरतात, 'टॅनर दोन', 'टॅनर तीन' असं आम्ही केसपेपरवर सरळ लिहितो. त्यातली मुख्य गोष्ट अशी की टप्प्यांचा क्रम जवळपास ठरलेला असतो, पण कुठला टप्पा कुठल्या वर्षी हे ठरलेलं नसतं. तुमच्या बीपीएडच्या तक्त्यानं क्रमावर वर्षं चिकटवली आणि सगळा गोंधळ केला.

एकाच मुलाला वर्षानुवर्षं मोजायची कल्पना मात्र त्याहून जुनी. फ्रान्समधल्या मोंबेयार नावाच्या सरदारानं १७५९ साली मुलगा झाल्यावर दर सहा महिन्यांनी त्याची उंची लिहून ठेवली, थेट १८ वर्षांचा होईपर्यंत. ती मापं ब्युफोन ह्या निसर्गतज्ज्ञानं छापली म्हणून टिकली. त्या आकड्यांवरून वेगाचा आलेख काढला की तेराव्या-चौदाव्या वर्षीचा तो उंचवटा आजच्या पोरांसारखाच स्पष्ट दिसतो.

आता अजून एक गुंता. सगळं शरीर एका वेगानं वाढतच नाही. १९३० साली स्कॅमन ह्या शरीरशास्त्रज्ञानं चार वेगवेगळे आलेख काढले होते. एका स्टँडवरून सुटलेल्या चार एसट्या समजा, मेंदूची गाडी सहाव्या वर्षीच ९० टक्के अंतर कापून बसलेली असते, टॉन्सिलसारख्या लसिका ग्रंथींची गाडी दहा-बाराव्या वर्षी मुक्कामाच्या पण पुढं निघून जाते आणि मग मागं येते, उंची-वजनाची गाडी मधे रेंगाळून शेवटी सुसाट सुटते, आणि जननेंद्रियांची तर बारा वर्षं स्टँडवरच उभी. म्हणून तुमच्या लहान पोराकडे डोकं पूर्ण आहे आणि वजन नाही, ह्यात नवल काहीच नाही.

---

मैदानातला_मास्तर

डॉक्टरसाहेब, जबरदस्त. दोन शंका. एक, ह्या वयात पोरं धडपडायला का लागतात? गेल्या वर्षीपर्यंत सुरेख डाईव्ह मारणारा पोरगा यंदा स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतोय. आणि दुसरं, गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखतंय म्हणणारे दरवर्षी दोन-तीन तरी निघतात. आईबाप म्हणतात, सर खेळ बंद करा.

---

वाढता_आलेख

वाढीच्या झपाट्यात आधी पंजे आणि पावलं वाढतात, मग पाय, आणि धड सगळ्यात शेवटी. आईबापांना विचारा, उंची वाढायच्या आधी बुटांचा नंबर पळालेला असतो. त्यामुळे काही महिने पोरगा नुसता लांब तंगड्यांचा होतो, मेंदूला जुन्या मापाची सवय असते, स्नायूंची ताकद उंचीच्या शिखरानंतर सहा महिने ते वर्षभरानं येते. त्या मधल्या काळात त्याला टीममधून काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

टेंगूळ म्हणजे बहुतेक ऑस्गुड-श्लॅटर. मांडीचा मोठा स्नायू जिथं नडगीच्या हाडाला चिकटतो तिथलं हाड अजून कच्चं असतं आणि उड्या, पळणं ह्यानं तिथं सारखा ताण बसतो. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की आपोआप थांबतं, खेळ कायमचा बंद करायची गरज नसते, दुखेल तेवढ्यापुरतं उड्यांचं प्रमाण कमी करा, बर्फ लावा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, किंवा लंगडणं असेल तर मात्र दाखवायलाच हवं.

जाता जाता, उंची वाढवायच्या पावडरी, दांड्याला लटकणं, ह्यानं उंची वाढत नाही. आणि नीट देखरेखीखाली वजनं उचलून उंची खुंटत पण नाही. दोन्ही अफवा एकाच गावात सुखानं नांदतात.

---

सायली_द

मास्तरांचा धागा हायजॅक करत्येय, सॉरी. पण टप्पे म्हटल्यावर राहवलं नाही. माझी लेक अकराव्या महिन्यात आहे, पालथी वेळेवर पडली, बसते छान, पण रांगतच नाही हो! बसून ढुंगणावर सरकत सरकत अख्खं घर फिरते. सासूबाई म्हणतात रांगली नाही की बोलायला उशीर होतो, आई म्हणते तेल कमी लावतेस, शेजारच्या काकू पांगुळगाडा आणा म्हणतात आणि नवऱ्यानं ऑनलाइन तो गोल वॉकर कार्टमध्ये टाकून ठेवलाय. कोणाचं ऐकू?

---

शंकासूर

सायलीताई, आधी तो वॉकर कार्टमधून काढा. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, मुलं जिन्यावरून पडतात म्हणून, आणि त्यानं चालणं लवकर येत पण नाही. लाकडी पांगुळगाड्याचं वेगळं आहे, त्यात बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून गाडा ढकलतं, तुमचं लक्ष असेल तर तो ठीक आहे, पण ते पण उभी राहायला लागल्यावर.

रांगण्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ ला जे आकडे छापले त्यात पाच देशांतली मुलं होती, आपल्या दिल्लीची पण होती. हाता-गुडघ्यांवर रांगण्याची खिडकी, म्हणजे कधीपासून कधीपर्यंत आलं तरी चालतं ती मुदत, त्यांनी दिली ५.२ ते १३.५ महिने, आणि आधाराशिवाय चालण्याची ८.२ ते १७.६. केवढी रुंद आहे बघा! आणि त्यातली ४ टक्क्यांच्या थोडं वर मुलं हाता-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, डायरेक्ट उभी राहून चालली. अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं) तर २०२२ मध्ये रांगणं आपल्या टप्प्यांच्या यादीतून काढूनच टाकलं. ह्यावरून तिकडं भरपूर भांडणं झाली, फिजिओथेरपीवाल्यांना ते अजिबात आवडलेलं नाही.

आता माझा आवडता विषय. बाळ चालायला का लागतं? शंभर वर्षांपूर्वी येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल होते, त्यांचं म्हणणं की सगळं आतल्या परिपक्वतेवर आहे, शिकवून फरक पडत नाही. त्यांनी जुळ्या बहिणी घेतल्या, एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायला शिकवलं, दुसरीला काहीच नाही. नंतर ५३ व्या आठवड्यात दुसरीला सुरुवात केली तर ती दोनच आठवड्यांत पहिलीच्या बरोबरीला आली. झालं, सगळ्यांनी मान डोलावली, घाई कशाला, वेळ आली की येतंच.

मग आली एस्थर थेलेन, बालविकासाची मानसशास्त्रज्ञ. नवजात बाळाला काखेत धरून पाय टेकवले की ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि दोनेक महिन्यांनी ते बंद होतं, हे आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला पण माहीत असतं. तोवर समजूत अशी की मेंदू परिपक्व होतो आणि ती क्रिया दाबून टाकतो. थेलेननं १९८४ ला काय केलं, पावलं टाकणं बंद झालेल्या बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, आणि पावलं परत सुरू!! उलट जी टाकत होती त्यांच्या पायाला छोटी वजनं बांधली तर कमी झाली. म्हणजे मेंदू जागच्या जागी होता, मधल्या काळात मांड्यांवर चरबी चढली आणि स्नायूंना ते वजन उचलेना एवढंच. तिचं म्हणणं होतं की टप्पा आत कुठं लिहून ठेवलेला नसतो, वजन, ताकद, जमीन, सवय, मोठ्यांचं वागणं सगळं जुळून आलं की नवी हालचाल निघते. केनियात किपसिगिस समाजात आया बाळांना मुद्दाम बसायला आणि चालायला शिकवतात, त्यांची बाळं अमेरिकन बाळांपेक्षा महिनाभर आधी बसतात, चालतात, पण रांगायला मात्र लवकर शिकत नाहीत, कारण ते कुणी शिकवतच नाही.

तुमची लेक सरकत घर फिरतेय म्हणजे तिला तिकडं जायचंय आणि ती जातेय. दोन्ही हात-पाय सारखे वापरत्येय ना, एवढं बघा. एकच बाजू ओढत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

---

वाढता_आलेख

शंकासूर यांच्या शेवटच्या वाक्याला +१००. आणि आधी येत होतं ते येईनासं झालं, तर खिडकी-बिडकी काही न बघता लगेच दाखवायचं.

---

वैद्य_कोकणस्थित

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. सगळे पाश्चात्त्य दाखले आले म्हणून आपल्याकडचा एक देतो. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानात वयाचे भाग दिलेत. सोळापर्यंत बाल, त्यातही तीन, दुधावरचं, दूध आणि अन्न दोन्हीवरचं, आणि अन्नावरचं. म्हणजे पहिले टप्पे आहारावरून पाडलेत, वर्ष हे नंतर. मग १६ ते ७० मध्यम वय, त्यात परत २० पर्यंत वृद्धी, ३० पर्यंत यौवन, ४० पर्यंत संपूर्णता आणि तिथून ७० पर्यंत हळूहळू हानी. सत्तरीनंतर वृद्ध. मास्तर, तुमच्या तक्त्यात प्रौढ म्हणून एकच चौकोन असेल ना? इथं त्याच चौकोनात चढ, सपाटी आणि उतार असे तिन्ही सांगितलेत.

---

शंकासूर

वैद्यबुवा, माहिती आवडली, आहारावरून टप्पे हे मस्तच. पण म्हणून 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' ह्या गाडीत मी बसणार नाही हां. निरीक्षण बारीक आहे हे मान्य, पण मुलागणिक फरक किती हे पट्टी घेऊन मोजल्याशिवाय कळत नाही आणि मास्तरांचा प्रश्न नेमका त्या फरकाचा आहे.

---

वैद्य_कोकणस्थित

बसा म्हटलंच नाही मी. पण ३० ते ४० संपूर्णता आणि मग 'ईषत्' म्हणजे किंचित किंचित हानी, हे तुमच्या पट्टीवाल्यांच्या आलेखाशी ताडून बघा की.

---

सोलापुरी_फिजिओ

ताडून बघायला मी आहे ना! म्हाताऱ्या माणसांत दिवस जातो माझा. हाडांचा साठा तिशीच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, त्यातला बहुतेक भाग विशीपर्यंतच जमा झालेला असतो, मग काही वर्षं सपाटी, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यावर एकदम घसरण. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य बायकांची ५१ च्या, म्हणजे आपल्या बायका घसरणीला आधी लागतात. स्नायू तिशीपासून दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढतो. ह्याला सार्कोपेनिया हे नाव १९८९ ला आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं. चाळिशीनंतर उंची पण दर दशकाला साधारण सेंटीमीटरभर कमी होते.

पण उताराचा वेग मात्र हातात असतो. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोनी यांनी नव्वदीच्या लोकांना, चांगल्या थकलेल्या, आठ आठवडे पायाचे वजनाचे व्यायाम दिले आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मी हे सांगितलं की नातेवाईक म्हणतात, "आता ह्या वयात आजीला कशाला त्रास." आजीला संडासाला उठताना दोघांनी धरावं लागतं तो त्रास नाही वाटतं!

घरी करून बघायचं असेल तर सोपी चाचणी आहे. खुर्चीत बसा, हात छातीवर दुमडा, पाच वेळा पूर्ण उभं राहून बसा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ ला १२ सेकंदांची रेष आखली, तेवढे किंवा जास्त लागले तर स्नायूंकडे लक्ष द्यायची वेळ आलीये. पोटरीचा घेर पण मोजतात, पुरुषांत ३४ सेंमीच्या आत, बायकांत ३३ च्या आत आला तर पुढची तपासणी.

---

चहाबाज

पाच वेळा उठून बसलो. ९ सेकंद. आता चहा.

---

मुळामुठेकाठी

सगळे जन्मानंतरच्याच टप्प्यांवर बोलताय, त्याआधीचे नऊ महिने कुणीच धरले नाहीत. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला, गरोदर राहायच्या आधीपासून. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आता वाटेल की आपलं बाळ सगळीकडूनच लहान. तर नाही. स्नायू, पोटातले अवयव कमी, पण चरबी मात्र त्या मानानं बरीच टिकलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीवालं. आणि ज्या आया पालेभाज्या, फळं जास्त खायच्या त्यांची बाळं मोठी होती, हे पण त्याच गावांत दिसलं.

ह्याच याज्ञिकांचा आणि लंडनच्या युडकिनांचा एक जोडफोटो २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकानं छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! मास्तर, तुमची १४० सेंमीवाली पोरं कुठून येतात ह्याचं थोडंसं उत्तर त्यांच्या आज्जीच्या ताटात पण असणार.

---

माजी_रेडर

आता मुद्द्यावर या राव. मी जिल्हा खेळलोय. अंडर-१४ ला मी पण सगळ्यात बारका होतो, निवड व्हायची नाही. दहावीनंतर उंची सुटली, तोवर माझ्याबरोबरचे बारके सगळे खेळ सोडून गेले होते. जे दांडगट निवडले गेले होते त्यातले अर्धे एकोणिसाव्या वर्षी बाकीच्यांसारखेच निघाले कारण त्यांना नुसती ढकलायची सवय, बोनस कसा घ्यायचा ते शिकलेच नाहीत. हे बघायला टॅनर कशाला पाहिजे?

---

मैदानातला_मास्तर

रेडर भाऊ, लाखातलं बोललात. पण मला नावं तर पाठवायचीत, आणि जिंकणारी टीम पाठवली नाही तर वर कोण ऐकून घेतं. डॉक्टर, हाडांचं वय काढतात म्हणे, ते करून काही होईल का?

---

वाढता_आलेख

होतं, पण तुमच्या कामाचं नाही. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ ताडतात. बीसीसीआय १६ खालच्या मुलांना टीडब्ल्यू३ पद्धत लावतं, त्यातला टी म्हणजे आपले टॅनरच. फिफा २००९ पासून अंडर-१७ ला मनगटाचा एमआरआय करतं. पण हे हाडांचं वय, जन्माचं नव्हे. चहाबाजांनी दाखल्यावर जी शंका घेतली तीच मशीन पण घेतं, लवकर वयात आलेला प्रामाणिक मुलगा त्यात बाहेर फेकला जाऊ शकतो. निरोगी शाळकरी पोरांचे एक्स-रे निवडीसाठी काढूच नयेत असं माझं स्पष्ट मत.

हाडांची वाढ बंद कशानं होते तेही सांगतो, लोकांना खरं वाटत नाही. मुलांमध्ये सुद्धा इस्ट्रोजेननं! १९९४ साली २८ वर्षांचा एक पुरुष सापडला, २०४ सेंमी उंच, हाडांची टोकं अजून उघडी आणि उंची चालूच, कारण त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा संदेश पोचतच नव्हता. तोवर सगळे पुरुषी हार्मोनलाच श्रेय देत होते.

तुमच्यासाठी दुसरा उपाय. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी २०१५ पासून मुलांचे सामने वयाऐवजी वाढीच्या गटांत खेळवून पाहिले. होणाऱ्या उंचीच्या किती टक्के उंची आत्ता झालीये त्यावर गट. मुलाच्या अंदाजे उंचीचं ढोबळ गणित म्हणजे आई अधिक बाबा अधिक १३ सेंमी, भागिले २, त्यात आठेक सेंमी इकडंतिकडं. तुमचा १६७ वाला बहुतेक ९५ टक्क्यांच्या आसपास असेल आणि १४० वाला ८२-८३. स्पर्धेचे नियम तुम्ही बदलू शकत नाही, पण आठवड्यातून एखादा सराव असा लावा की मोठा पोरगा नववी-दहावीच्यांत खेळेल आणि छोटा त्याच्या मापाच्या मुलांत. मोठ्याला डोकं वापरावं लागतं, छोट्याला पकड शिकायला मिळते.

---

माजी_रेडर

रोज नको मात्र. बारक्याला दांडग्यासमोर पण उभा करत जा, पळायचं डोकं तिथंच येतं.

---

वाढता_आलेख

पटलं. म्हणून एखादाच म्हटलं.

आणि एक महत्त्वाचं, टॅनरचे टप्पे बघायचं काम शाळेत कुणीही करायचं नाही, ते डॉक्टरनं, पालकांसमोर, गरज असेल तरच. तुम्ही फक्त उंची, बसून उंची आणि वजन घ्या, दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटीमीटरभर खाली बसतो. बसून उंचीला भिंतीला टेकवलेलं सपाट स्टूल लागेल, त्याची उंची वजा करायला विसरू नका. १४ पूर्ण झाले तरी मुलात वयात येण्याची काहीच खूण नाही असं आईवडील म्हणाले, किंवा वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी वाढ दिसली, तर तेवढा पाठवा तपासायला.

---

मैदानातला_मास्तर

स्टूल प्रयोगशाळेतलं मिळतंय, सायन्सच्या सरांना विचारलं. मुलींची मापं आमच्या जोशी बाई घेतील. १४० वाल्याला रिझर्व्हमध्ये टाकलंय, हेडसरांशी थोडी वादावादी झाली पण टाकलंय. आईबाबांच्या उंच्या विचारायच्या राहिल्यात, पालकसभेला धरतो.

---

सायली_द

वॉकर कार्टमधून काढला. सासूबाईंना चार टक्क्यांचं सांगितलं तर म्हणाल्या, हे तर बाबांसारखंच झालं, तुझा नवरा पण रांगला नव्हता. आता सांगतायत!!